डाव्या हाताची फळी

मिस्त्रींचा मला आजही राग येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण दूर गेलेल्या माणसावर कुणी लिहायला बसलं की लोक गोडगोड वाचायच्या तयारीत बसतात. मिस्त्री वारलेले नाहीत. रत्नागिरीजवळ आपल्या गावी आहेत, धडधाकट आहेत, आणि फोनवर माझ्यावर ओरडण्याइतका दम त्यांच्या छातीत अजून आहे.

मी कतारला, दोह्याला आले ती नोकरीची ऑर्डर हातात घेऊन. आमच्या परभणीकडच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., केमिस्ट्री. वडील मोंढ्यात हमाल. डिग्री मिळाली तेव्हा आईने भिंतीवरचा आरसा काढून मोरीत नेला आणि त्याच खिळ्याला डिग्री टांगली. तेव्हापासून आमच्या घरात भांग पाडायला मोरीत जावं लागतं. हे मी हसण्यासाठी सांगत नाही. त्या कागदाची मला घमेंड आहे, आणि ती असायलाच हवी असं माझं मत आहे.

आमची कंपनी लोकांच्या घरातल्या, दिवाणखान्यातल्या जुन्या वस्तू दुरुस्त करून देते. दरवाजे, पेटारे, कॉफी दळायची यंत्रं, तलवारीच्या मुठी. माझं काम प्रत्येक वस्तूची फाईल करायचं: काय आहे, कशाचं आहे, काय बिघडलंय, काय करायचं. खाली माझी सही. माझ्या सहीशिवाय कारागीर वस्तूला हात लावत नसे, असा नियम. मिस्त्रींना सोडून.

मिस्त्री लाकडाचं काम बघत. सत्तावीस वर्षं त्याच वर्कशॉपमध्ये. बुटके, रुंद, पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, आणि एसी चालू असताना अंगात लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर. बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी स्वेटर. खुर्चीवर बसायचे नाहीत. लाकूड मांडीवर घेऊन, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचे. कुणी मोठा साहेब आला तरी उठायचे नाहीत. साहेबालाच वाकून बोलावं लागे.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी हिंदीत बोलले. टोपी बघितली आणि आपोआप हिंदी आलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गाव कुठला तुजा?" मी म्हटलं, परभणी. "मग मराठी बोल की. मी काय लाहोरवरना आलोय?" वर्कशॉपमधले सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमचे मॅनेजर मात्र, जे पुण्याचे आणि माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत, ते मिस्त्रींशी शेवटच्या दिवसापर्यंत हिंदीतच बोलले. मिस्त्री त्यांना मराठीत उत्तर देत. दोघांचं असं वर्षानुवर्षं चाललेलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मी त्यांना चाचा म्हणायला गेले तर म्हणाले, "चाचा घरी. हितं मिस्त्री." ते मला ग्रॅज्वेट बाय म्हणत. बाय म्हणजे त्यांच्याकडे लेकीबाळीला म्हणतात ते. पण ग्रॅज्वेट हा शब्द ते असा काही उच्चारत की जणू मला एखादा आजार आहे.

वस्तू हातात आली की आधी ते तिचा वास घेत. मग मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवत, कधी गालावरून. "बोटा माजी मेलीत," म्हणत, "त्यास्नी काय कळत नाय आता." एकदा एका पेटाऱ्यावर कसलं पॉलिश आहे हे बघायला मी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून चाचणी घेतली, फोटो काढले, दीड पानाचा रिपोर्ट लिहिला: लाख. मिस्त्रींनी त्याआधीच नाक लावून सांगितलं होतं, लाख. मी रिपोर्ट वाचून दाखवला तर म्हणाले, "वायच नाकाचा पन नाव घाल त्यात." त्या दिवशी त्यांनी मला आपल्या थर्मासमधला करक, म्हणजे इथला दुधाचा कडक चहा दिला. ही त्यांची शाबासकी. दोन वर्षांत चार वेळा मिळाली.

त्यांची आणखी एक रीत होती. कुठल्याही जुन्या वस्तूचा भुसा ते टाकू देत नसत. घासताना पडलेली धूळसुद्धा ब्रशने गोळा करून बामच्या रिकाम्या बाटलीत भरत, वर त्या वस्तूचं चित्र काढून चिकटवत, आणि चीर बुजवायची वेळ आली की सरसात तोच भुसा कालवून भरत. दरवाजाची चीर दरवाजाच्याच भुशाने. दुसऱ्या लाकडाचा कणही नाही. त्यांच्या फळीवर अशा शे-दीडशे बाटल्या होत्या. मॅनेजरनी कितीदा तरी त्या फेकायला सांगितलं होतं.

इथवर कुणालाही वाटेल की माणूस मोठा गुणी. होताच. पण त्यांच्या एका खोडीने मी अक्षरशः रडकुंडीला येई. ते काही सांगत नसत. चूक दिसली की "बघ" म्हणत. काय बघू, कुठे बघू, काही नाही. "बघ." नाही दिसलं तर "खलास" म्हणून पाठ फिरवत. त्यांना वाटे, दिसणं ज्याचं त्यालाच जमायला हवं. मी म्हणते, हा माज आहे. माझे गणिताचे सर पाच वेळा समजावून सांगत, म्हणून हमालाची पोरगी बी.एस्सी. झाली. ज्याला येतं त्याने तोंड उघडलं नाही तर आमच्यासारख्यांनी शिकायचं कुणाकडून?

तर ते पिस्तूल.

अल गराफ्यात राहणारे एक वयस्कर कतारी गृहस्थ. त्यांचे वडील दुखानला तेलाचं काम सुरू झालं त्या काळात तिथे पहारेकरी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेली हत्यारं विकली गेली, त्यातलं एक पिस्तूल वडिलांना मिळालं होतं. आता त्याची नळी कायमची बंद केलेली, सरकारी कागदपत्रं झालेली, दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्या मूळच्याच होत्या, पण फार झिजलेल्या. त्या नीट करून हव्या होत्या. पिस्तूल काही घराबाहेर येणार नव्हतं. आमच्याकडे आल्या त्या फक्त दोन फळ्या आणि दोन स्क्रू, एका प्लास्टिकच्या पिशवीत.

अक्रोडाच्या फळ्या. तळहाताएवढ्या. हात घसरू नये म्हणून अशा फळ्यांवर बारीक चौकड्यांची जाळी कोरलेली असते. उजव्या फळीवरची जाळी बरीचशी शाबूत होती. डाव्या फळीवर मधोमध जाळी पार पुसून गेली होती, लाकूड गुळगुळीत, किंचित खोलगट, चमकणारं. मी फाईलमध्ये लिहिलं: डाव्या फळीची झीज, कारण साठवणुकीत एका कुशीवर ठेवल्याने झालेलं घर्षण. उपाय: पृष्ठभाग सपाट करून जाळी पुन्हा कोरणे. सही.

हे मी अंदाजाने लिहिलं होतं. आज कबूल करते. कारणाचा रकाना रिकामा ठेवायची मला लाज वाटली. शिकलेल्या माणसाला कारण माहीत असायला हवं, असं मला वाटे.

मिस्त्रींनी तीन दिवस त्या फळ्यांवर काम केलं. टर्पेंटाइनच्या कापसाने जुना चिकटा काढला. जिथे ठोकर लागून खड्डा पडला होता तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्रीचं टोक टेकवलं. वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर आलं. स्क्रूजवळची चीर त्याच लाकडाच्या भुशाने भरली. उजव्या फळीची जाळी बारीक तिकोनी कानशीने एकेक रेघ करून साफ केली. मग अळशीचं तेल, अगदी थेंबभर, तळहाताने चोळून. आणि डावी फळी, ती गुळगुळीत जागा, त्यांनी फक्त पुसली.

मी म्हटलं, "मिस्त्री, जाळी राहिली."

"ऱ्हायली नाय. ठेवली."

"फाईलमध्ये कोरायची लिहिलंय."

"तू लिवलंस ता खोटा हाय."

"मग खरं काय ते सांगा."

त्यांनी ती फळी उचलून माझ्या पुढे धरली. "धर." मी उजव्या हातात धरली. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. "बघ," म्हणाले. मी बघितलं. झिजलेलं लाकूड होतं. "काय बघू?" त्यांनी फळी काढून घेतली. "खलास. तुला लिवता येतं बाय, बघता येत नाय."

आजूबाजूला सहा-सात कारागीर होते. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

मी दुपारी मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, "क्लायंटच्या मुलाने नव्यासारखं दिसायला हवं असं सांगितलंय. तुझं मत काय? टेक्निकल सही तुझी आहे." मी म्हटलं, कोरायलाच हवं. त्यांनी मिस्त्रींना बोलावून हिंदीत सांगितलं. मिस्त्री "नाय" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, पुन्हा "नाय". तिसऱ्यांदा नुसते रंधा पुसत बसले. मग मॅनेजरनी डावी फळी एका नेपाळी कारागिराकडे दिली. त्याने माझी सही बघितली, मशीन लावून ती खोलगट जागा घासून सपाट केली आणि नवी जाळी कोरली. काम सुबक होतं. अर्धा तास लागला. मिस्त्री पाच फुटांवर बसून बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. मी अधूनमधून त्यांच्याकडे बघत होते, ते अजून मला आठवतं, कारण त्या अर्ध्या तासात त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. फक्त एक.

फळ्या बसवायला मॅनेजर, मिस्त्री आणि मी अल गराफ्याला गेलो. दिवाणखान्यात पिस्तूल मखमली गादीवर ठेवलेलं. मिस्त्रींनी दोन स्क्रू आवळले आणि मागे सरकून उभे राहिले. म्हातारे मालक पुढे आले आणि त्यांनी पिस्तूल उचललं.

डाव्या हाताने.

आणि मला दिसलं. माझ्या हातात ती फळी होती तेव्हा मी ती उजव्या हातात धरली होती. डाव्या हातात धरली असती तर तळव्याचा उंचवटा बरोबर त्या खळग्यात बसला असता. त्यांचे वडील डावरे होते. जाळी कुशीवर पडून झिजली नव्हती, वर्षानुवर्षं एका माणसाच्या तळव्याने झिजवली होती.

मालक स्वतः उजव्या हाताचेच होते, हे मला नंतर कळलं. लहानपणी वडील झोपले की ते चोरून पिस्तूल घेत आणि वडिलांसारखंच डाव्या हातात धरून त्या खळग्यात आपला तळवा घालत. आता त्यांनी तळवा जरा हलवून बघितला. मग पिस्तूल उलटं करून नव्या जाळीवर अंगठा फिरवला आणि दुसऱ्या कुणाची तरी वस्तू ठेवावी तसं ते गादीवर ठेवलं. इंग्रजीत विचारलं, "हे कोणी केलं?"

मॅनेजर लगेच म्हणाले, "सर, आमचे सीनियर कार्पेंटर. वय झालंय. नजर कमी झालीय. आम्ही दिलगीर आहोत."

मी म्हणाले, "सर, ते मी करायला सांगितलं. माझी सही आहे."

माझं वाक्य पुरतं संपायच्या आत मिस्त्री अरबीत बोलू लागले. मला दोन वर्षांत त्यांच्या तोंडून यल्ला आणि खलासपलीकडे अरबी ऐकू आलं नव्हतं. आणि इथे हा माणूस सुरेख, सावकाश, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलत होता. मला दोनच गोष्टी कळल्या. ते छातीवर हात ठेवून 'अना' म्हणाले, म्हणजे मी. आणि 'गलती' सारखा काहीतरी शब्द. मालकांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. लहान पोरगी आहे, सोडून द्या, अशी ती मान होती.

गाडीत मॅनेजर पुढे बसून फोनवर बोलत होते. मी मागे मिस्त्रींना विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुजी नोकरी नवी हाय. माजा करार तसा पन तीन महिन्यान संपतोय."

"मी मागितलं होतं?"

"नाय."

"सांगायचं होतं तेव्हा गप्प बसलात, आणि गप्प बसायचं तेव्हा बोललात."

"गप बस, ग्रॅज्वेट बाय."

"नाही बसणार. चूक माझी आहे. माझ्या सहीची आहे. तुम्ही कोण ती घेणारे?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं होतं दया केली म्हणून ते खूश असतील. तसं काही दिसत नव्हतं. नुसते दमलेले दिसत होते. त्याचाही मला राग आला.

महिन्याच्या आत त्यांना घरी पाठवलं. जाताना कोणाला भेटले नाहीत. बाटल्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेल्या.

मग एक दिवस अल सद्दला आमच्या बिल्डिंगखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, त्यांचा पुतण्या भेटला. तो तिथे काउंटरवर असतो. दह्याची पिशवी बांधता बांधता त्याने सांगितलं. गावाजवळच्या एका जुन्या मशिदीचं लाकडी छत दुरुस्त करायचं होतं. मिस्त्री कित्येक वर्षं त्या कामाची वाट बघत होते. ट्रस्टने अनुभवाचं पत्र मागितलं. मिस्त्रींनी कंपनीने दिलेलं पत्र, घडी न मोडता, प्लास्टिकमध्ये घालून नेलं आणि सगळ्यांसमोर मोठ्या ऐटीत पुढे केलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. सेक्रेटरीने वाचलं: सत्तावीस वर्षं नोकरी, ग्राहकाच्या मौल्यवान वस्तूचं निष्काळजीपणाने कायमचं नुकसान केल्यामुळे सेवा समाप्त. त्याने पत्र परत दिलं आणि म्हणाला, बघतो, कळवतो.

"चाचांनी सुनंला तरी दाखवायचा होता आधी, तिला इंग्रजी येतं," पुतण्या म्हणाला. "पन दाखवनार कसे? सत्तावीस वर्षांचा सर्टिफिकेट. आपल्या हातान द्यायचा होता."

मी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, हे पत्र बदला. ते म्हणाले, "कशाला उकरून काढतेस? तो स्वतःच म्हणाला ना, मी केलं म्हणून."

"तो नाही, ते. आणि केलं कोणी ते तुम्हाला माहीत आहे."

"तुझं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. जरा विचार कर."

मी विचार केला. खोटं कशाला बोलू, पूर्ण एक शुक्रवार केला. डिग्रीचा विचार केला, घरी जाऊन आईला काय सांगायचं त्याचा केला. मग मनात आलं, निष्काळजीपणा हा शब्द जर कुठल्या कागदावर लिहायचाच असेल तर तो कोणाच्या नावापुढे शोभतो हे मला पक्कं ठाऊक आहे. मी त्या फळ्यांची फाईल काढली, माझी सही असलेलं पान, मिस्त्रींच्या तीन नकारांची मी केलेली नोंद, मशीनवर काम कुणाच्या आदेशाने गेलं तो कागद, सगळं जोडून पिस्तुलाच्या मालकांना ईमेल केलं. मॅनेजरना कॉपी ठेवली. लपूनछपून काही नाही.

मालकांनी बोलावलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "म्हाताऱ्याला कळलं होतं का?" मी म्हटलं, पहिल्याच दिवशी. "मग त्याने तुला सांगितलं का नाही?" मी म्हटलं, सर, हेच मला त्यांना विचारायचंय. ते जरा हसले. मग कंपनीला पत्र लिहिलं. ते पत्र गेल्यावर कंपनीला कोणती भाषा कळते तेही मला कळलं: चार दिवसांत नवं सर्टिफिकेट तयार झालं. मजकूर मला लिहायला सांगितला, बहुधा शिक्षा म्हणून. मी लिहिला, त्यांनी शिक्का मारला. माझं रिन्यूअल झालं नाही. त्याचं मला फार काही सांगायचं नाही. दुसरी नोकरी दोन महिन्यांनी मिळाली.

सर्टिफिकेट मी मिस्त्रींना व्हॉट्सॅपवर पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

"कोनी सांगितला होता तुला हे उद्योग करायला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"नोकरी घालवलीस?"

"घालवली."

"येडी हायस. शिकून येडी झालीस." असं बराच वेळ चाललं. मीही आवाज चढवला. सांगितलं की तुम्ही मला एक वाक्य दिलं असतं तर ती फळी आज शाबूत असती. मिस्त्री म्हणाले, "व्हय. द्यायला पायजे होता."

पुढे म्हणाले, "आता वाच."

"काय?"

"कागद. काय लिवलाय त्यात ता वाच."

"सूनबाईला सांगा ना. तिला येतं इंग्रजी."

"तूच लिवलंस ना? तूच वाच. मराठीत सांग."

मग मी वाचलं. सत्तावीस वर्षं. लाकूडकामातलं असामान्य ज्ञान. आणि शेवटचा परिच्छेद, जो मी इंग्रजीत एका दमात टाइप केला होता आणि मराठीत मोठ्याने म्हणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं: सदर फळीवरील मूळ झीज ही मालकाच्या वडिलांच्या डाव्या हाताची असल्याचं या कारागिराने ओळखलं होतं व ती काढण्यास तीन वेळा नकार दिला होता, ती नष्ट झाली ती या कार्यालयातील नोंद अधिकाऱ्याच्या चुकीच्या निष्कर्षामुळे. खाली माझं पूर्ण नाव, बी.एस्सी.सकट.

मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या.

"पुन्ना वाच," मिस्त्री म्हणाले. "वायच हळू. हितं ट्रस्टची मानसा बसलीत, त्यास्नी ऐकू दे."

मला असा राग आला की कानशिलं तापली. पण वाचलं. हळू वाचलं.